एकटीनं खायची गोळी

चांगली वस्तू एकट्यानं खाऊ नये, हा सुसंस्कृत समाजाचा पाया आहे. (पाया म्हटलं की कुणीतरी दबणार, हे ओघानं आलंच.) ताईंच्या माहेरी हा नियम इतका कडक होता की एक बिस्कीट सगळ्या भावंडांत वाटताना शेवटच्याच्या हाती नुसता वास यायचा, आणि तोही तो कुत्र्याला हुंगायला द्यायचा.

अशा ताईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. घरी पाठवताना डॉक्टरीणबाईंनी एक लहानशी डबी त्यांच्या हातात ठेवली.

"दुखण्यावरची फार जहाल गोळी आहे ही, अफूच्या जातीची. लिहून दिलीय तेवढीच घ्यायची, त्याच वेळेला. दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. दारू किंवा झोपेची गोळी हिच्याबरोबर अजिबात नको, श्वास मंदावतो. कुलपात ठेवा आणि उरल्या तर इथे परत आणून द्या."

ताईंनी मान डोलावली. ऐकलं त्यांनी सगळं, पण घरी पोचेपर्यंत त्यातलं 'जहाल' आणि 'दुसऱ्या कुणाला नाही' एवढंच डोक्यात शिल्लक राहिलं. म्हणजे वस्तू खास होती, आणि ती कुलपात घालून एकटीनं खायची होती. इतकं असभ्य पथ्य त्यांना उभ्या जन्मात कुणी सांगितलं नव्हतं.

यथावकाश दुखणं उतरलं, डॉक्टरीणबाईंनी गोळ्या थांबवल्या, आणि अर्धी भरलेली डबी स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या डब्यात दाखल झाली. या डब्याविषयी आदरानं बोललं पाहिजे, कारण तो डबा नसून एक संस्था होती. तीत खोकल्याच्या अर्ध्यामुर्ध्या बाटल्या होत्या. कानाचे की डोळ्याचे हे पुसलं गेलेले थेंब होते. सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. (मुदत सासऱ्यांच्या आधी संपली होती.) शिवाय एक मोठी पांढरी गोळी होती, ती कशावरची हे कुणालाच ठाऊक नसल्यानं ती कशावरही चालायची.

संस्थेची कार्यपद्धती सुटसुटीत होती. गरजूनं ओट्यापाशी उभं राहून तक्रार निवेदन करावी. निवेदन पूर्ण होण्यापूर्वी औषध देण्यात येईल. गुण न आल्यास अधिक जहाल औषध देण्यात येईल. गुण आल्यास शेजारी कळविण्यात यावे. इमारतीच्या अंतर्गत पाहणीनुसार संस्थेचे शंभर टक्के लाभार्थी हयात होते. (जे नव्हते, त्यांची पाहणी करता आली नाही.)

नव्या गोळीचा पहिला मान वरच्या मजल्यावरच्या शिंप्याला मिळाला. त्याची मान आखडली होती. गोळी घेतल्यावर ती अशी मोकळी झाली की त्यानं त्या दिवशी एका सदऱ्याला तीन बाह्या लावल्या. तिन्ही एका मापाच्या होत्या, त्यामुळे कामात खोट काढायला जागा नव्हती. पुढे चार दिवस त्याचं पोट साफ होईना, पण त्यासाठी संस्थेकडे वेगळी बाटली होती.

ताईंचा धाकटा भाऊ बसचा ड्रायव्हर. बिऱ्हाड शेजारीच, आणि मधली भिंत सामायिक असल्यामुळे त्याचं घोरणंही सामायिक. त्याची बायको कानात कापूस घालून झोपायची. ताईंना त्या आवाजाशिवाय चैन पडत नसे, पण हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

एके सकाळी तो रात्रपाळी करून आला, त्याच्या डॉक्टरांनी दिलेली झोपेची गोळी घेतली आणि आडवा झाला. पाठ झोपू देईना. आला ओट्यापाशी.

"ताई, पाठ नुसती ठणकतेय गं. आहे का काही?"

"आहे म्हणजे काय! एक देऊ की दोन?"

"तू देशील त्या."

ताईंनी दोन दिल्या. (सख्ख्या भावाला एकच देऊन शिंप्याच्या पंगतीला बसवणं बरं दिसलं नसतं.) आधी काय घेतलंय, हे विचारायची पद्धत संस्थेत नव्हती.

तासाभरात भिंतीपलीकडचं घोरणं अडखळायला लागलं. मग थांबलं. भावजय धावतच आली.

"ताई, ऐकलंत का?"

"काय?"

"काहीच नाही! तेच तर म्हणतेय! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा!"

हा क्षण साजरा करण्याजोगा होता. दोघींनी चहा टाकला. भावजयीनं गोळीचं नाव लिहून मागितलं. निम्मा कप होईस्तोवर ताई कौतुकानं हसत होत्या. मग त्यांचा हात तसाच राहिला. हा पोरगा पाळण्यातसुद्धा घोरायचा.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी ठरवून दिलेल्या वेगाच्या पाचपट वेगानं ताई वॉकर आपटत शेजारी पोचल्या. भावाचे ओठ निळसर पडले होते. हाका मारल्या, गदागदा हलवला, डोळे उघडेनात. दोन श्वासांच्या मध्ये चहा गाळून झाला असता. भावजयीनं ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पलीकडून सांगितलं तसं दोघींनी त्याला कुशीवर वळवलं.

"घे रे, श्वास घे! मेल्या, घे की!" ताई त्याच्या कानाशी ओरडत होत्या. ताई काही घे म्हणताहेत आणि समोरचा घेत नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं.

ॲम्ब्युलन्सवाल्यांनी मास्क लावून हवा दिली, काय खाल्लं विचारलं आणि उताऱ्याचं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं भावानं डोळे उघडले.

"पाठ परत का दुखायला लागली?" तो कुरकुरला. "चांगली गेली होती की!"

ताई रडल्या, हसल्या, आणि त्याच्या खांद्यावर एक चापट ठेवून दिली.

परत गुंगी येऊ नये म्हणून त्याला दवाखान्यात ठेवून घेतलं. ताईंनी सोबत अख्खा डबाच नेला होता. डॉक्टरीणबाईंनी झाकण उघडलं.

"हे सगळं कुणाचं?"

"सगळ्यांचं," ताई खाली मान घालून म्हणाल्या.

भाऊ घरी आला. भिंत पूर्ववत घोरू लागली, आणि भावजयीनं कानातला कापूस काढून टाकला. संस्था मात्र बंद पडली: डबा दवाखान्यात जमा झाला तो झालाच. इमारतीवर शोककळा पसरली. ताई आता हात आखडता घेतात, पूर्वीच्या राहिल्या नाहीत, अशी कुजबुज झाली. शिंपी तर तीन दिवस हळहळत होता.

"मुदतसुद्धा संपली नव्हती हो! फुकट घालवल्या!"

अशा लोकांना हसावं तेवढं थोडंच. तुम्ही हसलात, ते योग्यच झालं. एकच किरकोळ शंका उरते. भरल्या डब्यासकट त्या गोळ्या जमा झाल्याचं वाचताना 'अरेरे' असं जे क्षणभर वाटून गेलं, ते फक्त शिंप्यालाच ना? (उत्तर कळविण्याची आवश्यकता नाही. आपला डबा कुठल्या फळीवर आहे, तेवढं जागेवरून न उठता आठवून पाहावं.)