आधी टाळी

कुणी मोबाइलवर शूटिंग सुरू केलं, की आमच्या समोरच्या फ्लॅटमधले लोखंडे काका कॅमेऱ्यापुढे येऊन एक टाळी वाजवतात. बारसं असो, नाहीतर सोसायटीची सभा. शूटिंग संपताना दुसरी टाळी. "हात भिडलेले दिसतात, तिथंच टाळीचा आवाज बसवायचा. शेवटच्या टाळीला कळतं, मधी घसरला का."

काका मूळचे लातूरकडचे, महाळुंग्याच्या एका कंपनीत प्रेस शॉपला होते. निवृत्त झाल्यावर माणसं कुंड्या लावतात. हे कॉम्प्युटरवर लोकांच्या व्हिडिओतले आवाज जागेवर बसवतात. बिघडलेला व्हिडिओ दिसला, की कपाळाला हात. "ओठ शिफ्टला हजर, आवाज अजून बसमधी!"

गेल्या महिन्यात माझ्या मुलाचा, निखिलचा, रावेतच्या एका हॉलमध्ये साखरपुडा झाला. सून नाव घ्यायला उभी राहिली, तोच काका पुढे सरसावले. "थांबा! आधी टाळी." वाजवली. व्याह्यांकडच्या मंडळींना वाटलं, आमच्यात अशी रीतच असेल. त्यांनीही भक्तिभावानं वाजवल्या.

"अहो, एकच पाहिजे!" काका ओरडले. "पन्नास टाळ्यांतली कुठली धरू मी?"

मग सुनेनं नाव घेतलं:

"चाकणची फर्स्ट शिफ्ट, उठायची घाई,
निखिलरावांचा डबा भरतील सासूबाई!"

सगळा हॉल हसला. मीही हसले, दुसरं काय करणार? मागच्या रांगेत काकांच्या सुमनकाकू मात्र नुसती मान हलवत होत्या. जिन्यात भेटल्या तरी त्या तेवढंच करतात. कानाला मशीन आहे, तेव्हा ऐकू येत असणार. बाई शिष्ट आहेत, असं मी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

व्हिडिओ आवाज बसवायला काकांकडे गेला, तो आठवडा झाला तरी येईना. विहीणबाईंचे फोन सुरू झाले. शेवटी मी काकांचं दार वाजवलं.

"काका, पाव सेकंदानं कुणाचं अडतंय? आहे तसा देऊन टाका."

आहे तसा व्हिडिओ काकांनी टीव्हीवर लावला. काकू समोर बसल्या होत्या. सुनेचे ओठ हलले, आवाज मागून आला. काकूंनी मान हलवली. तीच, जिन्यातली.

मग काकांनी नीट केलेला तुकडा लावला. काकू पुढे सरकल्या, सुनेच्या ओठांवर नजर लावून. आणि एकदम खो-खो हसत माझ्याकडे वळल्या.

"अगं बया! म्हणजे डबा तुलाच भरायचाय व्हय!"

"मशीननं तिला निस्ता आवाज येतो," काका कॉम्प्युटरवरची नजर न काढता म्हणाले. "शब्द ती ओठांवरनं जुळवते. दोन्ही संगं आले तरच. नाहीतर मान हलवते, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून."

"इतक्या वर्षांत बोलला नाहीत मला?"

"सांगितलेलं आवडत नाही तिला."

काकूंना आमचं हे बोलणं कळलंच नव्हतं. त्या टीव्हीकडे बोट दाखवत म्हणाल्या, "अहो, परत लावा की!"

बाकीचा व्हिडिओ अजून नीट व्हायचा होता. घरी येऊन मी विहीणबाईंना कळवलं, आणखी आठवडा लागेल.

आता जिन्यात काकू भेटल्या, की मी आधी त्यांच्या समोर येऊन उभी राहते, मगच बोलते. टाळी तेवढी वाजवत नाही.