हडपसरकरांनी मात्र छत्री जवळ ठेवावी

दादामियाँचे पत्र येऊन पंधरवडा उलटला होता आणि यज्ञेश्वर मास्तरांनी त्याला अजून उत्तर दिले नव्हते. बुधवार पेठेत पुस्तकबांधणी करणाऱ्या या अनोळखी गृहस्थाने लिहिले होते, ‘माझ्या सलीमाचा निकाह या महिन्याच्या शेवटच्या रविवारी हडपसरला, मोकळ्या मैदानात आहे. हल्ली दिवाळीनंतरही पाऊस येतो. मंडप उघडा ठेवू की वरून ताडपत्री घालू? टीव्हीवर रोज आपणच सांगता, म्हणून आपल्यालाच विचारतो.’

भूगोलाच्या मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर यज्ञेश्वर मास्तर एका स्थानिक केबल वाहिनीवर हवामान सांगत. सांगत कसले, वेधशाळेचा फॅक्स वाचून दाखवत. निळ्या पडद्यापुढे उभे राहायचे आणि तिथे नसलेल्या नकाशावर हात फिरवायचा. शेजारचे आप्पासाहेब जिन्यात भेटले की म्हणत, “मास्तर, उद्या कोरडं म्हणालात ना? रेनकोट काढूनच ठेवलाय.” साऱ्या सोसायटीचे मत हेच होते. मास्तरांवर विश्वास ठेवणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता, आणि मास्तर त्यालाच घाबरले.

“अहो, मुलीचं लग्न आहे त्याच्या,” पद्मजाबाई म्हणाल्या. “हो किंवा नाही, काय ते लिहून टाका.”

“पण मला कुठं माहीत आहे?”

“मग तसं लिहा.”

“तसं कसं लिहिणार? मी हवामान सांगतो!”

त्यांनी लिहिले, ‘पावसाची शक्यता कमी असली तरी नाकारता येत नाही.’ वाचून त्यांचे त्यांनाच वाईट वाटले. कागद फाडला. दुसरा घेतला, तोही फाडला.

होता होता शनिवार उजाडला. फॅक्समध्ये ‘कोरडे’ असे स्वच्छ लिहिले होते. पण स्टुडिओत जाताना स्वारगेटला बस थांबली, तेव्हा मास्तरांना पूर्वेकडे एक ढग दिसला. ढग कसला, कापसाचा बोळा. तरी बस सुटेपर्यंत ते त्याच्याकडेच बघत राहिले. उद्या भर निकाहात पाऊस आला तर? त्या माणसाने आपल्याला विचारले होते.

संध्याकाळी त्यांनी वाचले, “पुणे शहर आणि परिसरात हवामान कोरडे राहील.” एवढ्यावर थांबायचे, तर तोंडातून निघून गेले, “हडपसरकरांनी मात्र छत्री जवळ ठेवावी.”

“सर, ते शेवटचं वाक्य कुठून आलं?” निर्मात्या हेमाने विचारले.

“मनातून.”

“आपल्याकडे मनातलं ज्योतिषी सांगतात, सर. त्यांचा कार्यक्रम सकाळी असतो.”

रविवारी लख्ख ऊन पडले. मास्तरांना घास जाईना. दुपारी छत्री काखेत मारून ते हडपसरच्या बसमध्ये चढले.

मैदानात शिरले तो मंडपातून धूर निघत होता. मंडपवाल्या जयसिंगने काल टीव्ही पाहून रातोरात ताडपत्री ठोकली होती. ताडपत्री आली म्हणून आचाऱ्याने चुली तिच्याखाली ओढल्या होत्या. आत भट्टी पेटली होती. सलीमाच्या पाठवणीला अजून अवकाश होता, पण दोन्हीकडची मंडळी आधीच डोळे पुसत होती. अर्ध्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या होत्या. बाहेर बांबूला टेकून जयसिंग ओरडत होता, “त्यो टीव्हीवाला मास्तर घावू द्या, ह्याच बांबूला बांधतो त्याला!”

मास्तरांनी घाईघाईने छत्री उघडून तोंड झाकले.

“आपण मास्तर ना?” मागून आवाज आला. मेंदी लावलेली दाढी, घामाने अंगाला चिकटलेली शेरवानी. दादामियाँ. “नाही, एवढ्या उन्हात छत्री उघडून दुसरं कोण येणार?”

“मला क्षमा करा,” मास्तर कसेबसे म्हणाले.

“अहो, कसली क्षमा? पत्राचं उत्तर येईना, तेव्हा म्हटलं, मोठी माणसं, सवड नसेल. मग काल आपण टीव्हीवरच दिलंत. फक्त मला एकट्याला द्यायचं ते साऱ्या पुण्याला दिलंत. पावसाच्या धाकानं बुधवार पेठेतला एक माणूस फिरकला नाही.”

“खरं म्हणजे मला...”

“आधी जेवा. न आलेल्यांच्या वाटचंही आपल्यालाच संपवायचंय.”

मास्तरांपुढे जर्द्याचे, म्हणजे गोड केशरी भाताचे, भलेमोठे ताट आले. धुरात ते मान खाली घालून जेवले. डोळ्यांतले पाणी धुराचे आहे असे सगळ्यांना वाटले, हे एक बरे झाले.

निघताना दादामियाँ म्हणाले, “धाकट्या मन्सूरचं मृगाच्या तोंडावर ठरतंय. तेव्हाही सांगा बरं का. आता आपली रीत कळली. आपण सांगाल, त्याच्या बरोबर उलट करायचं.”

जयसिंगच्या बांबूपेक्षा हे जास्त लागले. विश्वास ठेवणारा एकच होता, तोही आप्पासाहेबांना जाऊन मिळाला.

सोमवारी हेमाचा फोन आला. “सर, हवामानासाठी आता पडद्याच्या तळाशी नुसती अक्षरांची पट्टी फिरवायचं ठरलंय. पट्टीला मन नसतं ना.”

मास्तरांनी फोन ठेवला आणि कपाटातून एक पोस्टकार्ड काढले.

“आता कसलं उत्तर लिहिताय?” पद्मजाबाई म्हणाल्या. “लग्न झालं की!”

“धाकट्याचं राहिलंय.”

या वेळी एकच कार्ड पुरले. ‘रा. रा. दादामियाँ यांस, आपले पत्र पोचले. पाऊस येईल की नाही, ते मला माहीत नाही. कधीच माहीत नव्हते. कृपया याच्या उलट समजू नये.’

चपला घालून ते कोपऱ्यावर गेले आणि कार्ड पेटीत टाकले.