निरोप गणिताच्या बाईंचा, पान मोठ्या बाईंचं

"बाई, तुमच्या कंबरेचं माप काय?"

हा प्रश्न मी मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, विचारूच शकणार नाही, अशी मैत्रिणींची पैज होती. मी विचारला! वर ऐटीत म्हणाले, "सांगू नका, वेबसाइटवर भरा."

सगळ्या शिक्षिकांची जाकिटं शिवायचं काम आईच्या दुकानाला मिळायच्या बेतात होतं. एवढं मोठं काम पहिल्यांदाच. मापांसाठी वेबसाइट मी बनवली होती. माप चुकलं, की ती भरणारीला पहिल्या पानावर परत पाठवायची. पण काय चुकलं, ते वाटेतच सांडायचं. मग मी शक्कल लढवली. चुकीचा निरोप एका जागी ठेवायचा, पहिलं पान उघडलं की दाखवायचा आणि पुसून टाकायचा. घरी करून पाहिलं. झकास! घरी वापरणारी मी एकटीच होते, एवढंच.

शाळेत मधल्या सुट्टीत सगळ्या बाई एकदम फोन घेऊन बसल्या. गणिताच्या बाईंनी अचूक हवं म्हणून कंबर इंचांऐवजी मिलिमीटरमध्ये भरली. आठशे! निरोप तयार झाला, पण त्यांचं पान रखडलं. तेवढ्यात मोठ्या बाईंनी पहिलं पान उघडलं. जागा एकच, जी आधी येईल तिला निरोप.

"एवढी कंबर हत्तीची असते. नीट मोजा."

मोठ्या बाईंनी अजून एक आकडाही भरला नव्हता.

इकडे गणिताच्या बाईंना काहीच दिसेना, म्हणून त्यांनी पुन्हा आठशे भरले. तिकडे मोठ्या बाईंनी पान पुन्हा उघडलं.

"परत तेच? टेप पुरली नाही का?"

आईला तातडीनं बोलावणं गेलं. दुकानाला कुलूप लावून ती धापा टाकत आली.

"हे तुमच्या मुलीनं लिहिलंय?" मोठ्या बाईंनी फोन पुढे धरला.

"टोमणा तिचाच आहे," आई पुटपुटली. काम गेल्यातच जमा होतं.

"बाई, तो निरोप तुमचा नाहीच," मी वेबसाइटवरच्या नोंदी पाहून घाईघाईनं म्हणाले. "ज्यांनी आठशे भरले, त्यांचा आहे."

गणिताच्या बाईंनी हळूच हात वर केला. "मिलिमीटर होते हो."

मोठ्या बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "काम तुम्हालाच. पण मापं टेपनं घ्यायची, हातानं."

घरी जेवताना मी जाहीर केलं, "आई, बाबा, मी ठरवलंय. वेबसाइट बंद करायची नाही. आता जिचा निरोप तिच्याच पानावर जाणार. आणि एकटीनं तपासायचं नाही. दोघंही फोन घ्या, एकदमच भरा. बाबा, तुमच्या कंबरेचं माप काय?"