गाद्यांत रुतलेली घटना

माझ्या नावावर एकही अपघात नाही. छातीठोकपणे सांगतो. इतकी वर्षं ट्रक चालवतो आहे, पण माझं रेकॉर्ड म्हणजे धुऊन, इस्त्री करून ठेवलेली चादर. आता, काही झालंच नाही असं मी म्हणत नाही. नावावर नाही, एवढंच म्हणतो.

हा फरक कळायला आमच्या कंपनीचा नियम कळावा लागतो. कोणी मेलं, तर अपघात. कोणाला जागेवरून थेट दवाखान्यात न्यावं लागलं, तर अपघात. गाडी दुसऱ्या गाडीने ओढून न्यावी लागली, तर अपघात. बाकी सगळी घटना. घटनेला साहेब नुसतं "हं" म्हणतात. आमच्या धंद्यात निम्मं आयुष्य त्या "हं"मध्येच जातं.

त्या आठवड्यात मात्र रेकॉर्ड जिवापाड जपायचं होतं. जवळच्या फेरीची जागा रिकामी झाली होती. सकाळी निघायचं, संध्याकाळी घरी. अट एकच, नावावर अपघात नको. मी लांबच्या फेऱ्यांवर इतका असायचो की बायको म्हणायची, "मला नवरा आहे हे शेजाऱ्यांना दोरीवरच्या शर्टांवरून कळतं."

येऊ द्या.

सकाळी गाद्यांच्या कारखान्यात माल भरायला गेलो. धुकं असं, की ट्रकचं नाक माझ्या आधी कुठेतरी पोचलं होतं. गाडी मागे घ्यायची होती. मागे कारखान्याच्या मुकादम, ज्यांना सगळे मावशी म्हणतात, हात हलवत होत्या. हलवत असाव्यात. मला आरशात नुसतं दूध दिसत होतं, आणि त्या दुधातून आवाज.

येऊ द्या, येऊ द्या.

त्या आवाजाला अंगाईची लय होती. स्टिअरिंग आपलं आपण वळत होतं. मी ट्रक चालवत नव्हतो, ट्रकमध्ये बसून ढगांतून मागे मागे तरंगत होतो.

बस्स.

हा शब्द आला तेव्हा मी आधीच गाद्यांत होतो.

धडक म्हणतात ती नव्हतीच. फुस्स असा आवाज झाला, हत्तीने सुस्कारा टाकून कूस बदलावी तसा. अंगणात रचलेली गाद्यांची थप्पी सावकाश, पूर्ण विचार करून, कलली आणि चहूकडे पसरली. मागची चाकं एका गादीवर चढली आणि रुतली. गादी उसवली. कापूस वर उडाला. धुकं कुठे संपतं आणि कापूस कुठे सुरू होतो, ते कळेना.

"मी बस्स म्हटलं होतं," मावशी म्हणाल्या.

"ऐकलं, मावशी."

"मग?"

"तुम्ही फार गोड म्हटलंत."

मावशींनी तोवर दोन फोन केले होते. एक आमच्या सुरक्षासाहेबांना, एक क्रेनवाल्याला. आधी साहेब आले. आमच्या सगळ्यांच्या घटना वेळीअवेळी फोनवर ऐकून ऐकून या माणसाच्या डोळ्यांखाली टायरच्या ट्यूबसारखी वर्तुळं आली आहेत. त्यांनी ट्रकभोवती एक फेरी मारली.

"कोणी मेलं?"

"नाही, साहेब."

"कोणाला लागलं?"

"गादीला."

"हं," साहेब म्हणाले. माझ्या कानांना सनई ऐकू आली. एवढ्यात धुक्यातून पिवळा दिवा फिरवत लाल क्रेन आली.

"हूक कुठे लावू?" क्रेनवाल्याने विचारलं.

"कुठेच नको," मी आडवा आलो. "तू ओढलंस की माझा अपघात होतो."

त्याने साहेबांकडे पाहिलं. "म्हणजे हा अजून झालेला नाही?"

"अजून नाही," साहेब म्हणाले. "तुमच्या हातात आहे."

"जेवायला बोलवायचं आणि ताट द्यायचं नाही," क्रेनवाला पुटपुटला आणि घुश्शात क्रेनपाशी जाऊन बिडी शोधू लागला.

तोडगा मावशींनी काढला. "गाडी कशाला ओढायची? खालची गादी ओढू."

साहेबांनी डोळे मिटून मनातल्या मनात नियम चाळला. "गादीबद्दल काही म्हटलेलं नाही," ते म्हणाले, आणि स्वतः दोराचं टोक धरलं.

मी पहिल्या गिअरमध्ये हळूच पुढे. साहेब, मावशी आणि कारखान्यातले कामगार दोर धरून मागे. गादी बाटलीच्या बुचासारखी निघाली, आणि ओढणारी सगळी मंडळी एकसाथ, पाठीवर, पसरलेल्या गाद्यांत पडली.

कोणी उठेना. वरून कापूस येत होता. मावशी आकाशाकडे बघत म्हणाल्या, "इतकी वर्षं इथे आहे, पण कधी आडवी झाले नव्हते." मलाही उतरून शेजारी पडावंसं वाटलं. मग एकेक जण उठला. साहेब उठले नाहीत. त्यांच्या मिशीवर कापसाचा एक पुंजका बसला होता, आणि तो श्वासागणिक वर जात होता, खाली येत होता.

आम्हाला उठवायचा धीर होईना. इतकं झोपलेलं माणूस मी पाहिलंच नव्हतं. पण क्रेनवाल्याला लांबून फक्त बूट दिसत होते. त्याने माणुसकी दाखवली. रुग्णवाहिका बोलावली.

ती वेळेवर आली. नको तेव्हा सगळं वेळेवर येतं.

"उचला," स्ट्रेचरवाला म्हणाला.

"अहो, झोपलेत ते," मी ओरडलो.

"असू दे, नेऊन बघू."

साहेब जागेवरून दवाखान्यात गेले की संपलंच. मी गाद्यांवरून धावलो. स्वप्नात धावतात तसं. पाय चालतात, माणूस तिथेच. शेवटी एक पाय दोन गाद्यांच्या फटीत गेला, बाकीचा मी पुढे गेलो, आणि घोट्यातून कट् असा आवाज आला. माझ्या किंकाळीने साहेब जागे झाले.

"फार छान लागली होती हो," ते म्हणाले. मग त्यांना माझा घोटा दिसला. तो फुग्यासारखा फुगत होता. स्ट्रेचरवाले आशेने माझ्याकडे वळले.

"इथून थेट दवाखान्यात गेलात, तर मला लिहावं लागेल," साहेब हळूच म्हणाले.

"आणि घरी गेलो तर?"

"घराबद्दल नियम गप्प आहे."

क्रेनवाल्याने मला शेजारी बसवून घरी सोडलं. म्हणाला, "रिकामा कसा जाऊ?"

बायकोला बेत सांगितला. "डॉक्टरला म्हणू, न्हाणीघरात घसरलो."

"कोणाच्या न्हाणीघरात?"

"आपल्या. अगं, नुसतं म्हणायचं."

"तिथे आजवर कोणी घसरलेलं नाही. तुमची आई बिनचष्म्याची जायची, तीसुद्धा नाही."

"मग जिन्यावरून?"

"जिना रोज मी पुसते."

"स्वयंपाकघरात?"

तिने नुसतं पाहिलं. "तुमचं रेकॉर्ड तेवढं रेकॉर्ड, आणि माझं काय, पायपुसणं?"

दवाखान्यापर्यंत आम्ही सगळं घर फिरलो. माझ्या अपघाताला कुठेही जागा मिळाली नाही.

"कुठे पडलात?" डॉक्टरांनी विचारलं. बायको माझ्या तोंडाकडे बघत होती.

"झोपेत," मी म्हणालो. "कॉटवरून."

बायकोने मान डोलावली. कॉटची ती बाजू माझी.

तर जवळची फेरी मला मिळाली. साहेबांनी रेकॉर्ड पाहिलं आणि "हं" म्हणाले. आता रोज संध्याकाळी घरी असतो, शेजारी मला चेहऱ्याने ओळखतात. फक्त रात्री ती कॉटवर ऐसपैस झोपते आणि मी खाली जमिनीवर. वर घ्यायला तयार नाही. म्हणते, "तुमचं इथलं रेकॉर्ड चांगलं नाही."