पहिली थाप माफ

थिएटरात राष्ट्रगीताला सगळेच उभे राहतात. आमचे लोटूनाना स्फोटालाही उभे राहतात. पडद्यावर अवकाशात यान फुटलं, धडाम् आवाज झाला, की ताडकन उठून ओरडतात, "बठ्ठं खोटं शे! तठे हवाच नई, मंग आवाज कथाईन येस?"

नाना माझे शेजारी. मूळचे शिंदखेड्याचे, म्हणून रागात अहिराणीवर येतात. हयात गेली वरणगावला दारूगोळा तपासण्यात, तेव्हा स्फोट हा घरचाच विषय. तरी प्रत्येक विज्ञानपटाला जळगावला जायचंच, वर मलाही न्यायचंच. मी म्हणतो, इतका संताप होतो तर जाता कशाला? लोक शिट्ट्या मारतात यांना, आणि मान खाली घालायची मी!

"पहिली थाप माफ," नाना इंटरव्हलला मलाच झापतात. "माणूस काळात मागे गेला म्हणता? चला, गेला. पण थाप मारली कशाला? माणसाबद्दल काही खरं सांगायला ना? ते राहिलं बाजूला, वर दुसरी थाप! एवढा पैसा ओततात, आठवीचं विज्ञानाचं पुस्तक उघडायला हात मोडले का यांचे?" हातातला समोसा तोवर गार होतो.

त्यांना आवरायच्या त्या फक्त त्यांच्या बायको, कमलअक्का. पडद्यावरची नजर न काढता नानांच्या सदऱ्याचं टोक खाली ओढायच्या. "खाले बसा. मले दिखस नई." नाना मुकाट बसायचे.

मागच्या पावसाळ्यात अक्का वारल्या. नानांनी सिनेमाच सोडला. परवा मीच त्यांना बळेबळे नेलं. गोष्ट काय, तर एक शास्त्रज्ञ मेलेल्या बायकोच्या आठवणी यंत्रात भरतो, आणि यंत्र तिच्या आवाजात बोलू लागतं. माझा मलाच राग आला. आधी चौकशी करायला काय झालं होतं मला? दोन यानं फुटली, कानठळ्या बसल्या, तरी नाना गप्प.

मग यंत्र गोड आवाजात म्हणालं, "तू म्हणशील ते खरं." आणि नाना उठले.

"खोटं शे!" आवाज फाटला होता. "इतला येळ व्हयना, नवराले एकदाबी 'खाले बसा' नई म्हणनी. हाई कसानी बायको?"

मागून शिट्टी आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी वळून ओरडलो, "गप बसा रे!"

नाना उभेच होते. मी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून खाली ओढलं. ते बसले. पडद्याकडे न बघता म्हणाले, "ती जोरमा ओढे."