विषय : फरवानियातला आंबोली घाट

अर्जदार : दत्ताराम सावंत, अर्जलेखक, शिक्षण सातवी उत्तीर्ण, बसण्याचे ठिकाण कुवेतमधील फरवानिया येथील फोटोकॉपीच्या दुकानाबाहेरील खुर्ची. ज्याच्याविषयी अर्ज : पुंडलिक मेस्त्री ऊर्फ बापू, धंदा सुतारकाम, मूळ वस्ती आंबोली घाटाच्या पायथ्याशी दाणोलीजवळ. साक्षीदार : एक, परशुराम ऊर्फ परशा गावडे, प्लंबर, आमच्याच खोलीत राहणारा. दोन, एक हिरवी सायकल, जी साक्ष देऊ शकत नाही, परंतु तिच्याइतके कोणी पाहिलेले नाही. काळ : इराकशी झालेल्या युद्धानंतर कुवेतच्या भिंती पुन्हा रंगवून झाल्या, त्यानंतरची काही वर्षे.

वाचकांस कळविण्यात येते की, ज्या देशात चढ पाहिजे असेल तर जिना शोधावा लागतो, त्या देशात सदरहू बापू दर शुक्रवारी सकाळी सायकलने आंबोली घाट चढत असे.

हँडलला सुतळीने टेपरेकॉर्डर बांधलेला. त्यावर वाळू जाऊ नये म्हणून खुबूस रोट्यांची प्लास्टिकची पिशवी. बटण दाबले की बापू मोठ्याने बोलू लागे, "आये, आयकतंस मां? निघालंव हां." टायरच्या एका बंद दुकानापाशी तो हँडल सोडून दोन्ही हात जोडी, कारण ते दुकान म्हणजे दाणोलीचा मठ. पुढे रस्त्याच्या मधोमध, नळीतून थेंब थेंब पाणी पिऊन जगणाऱ्या कण्हेरीची रांग होती. ते रान. तेथे तो आवाज खाली आणी. "आये, हयसर वायच गप. गवो उभो आसा." प्रत्यक्षात तेथे नगरपालिकेचा कचऱ्याचा डबा उभा असे.

विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा उड्डाणपूल म्हणजे घाट. पुलाच्या मध्यावर विजेच्या खांबापाशी बापू घंटी वाजवी. खऱ्या घाटात 'पूर्वीचा वस' या देवाचे देऊळ आहे. त्या राखणदाराला वर्दी दिल्याशिवाय पुढे जायचे नसते. पुलाच्या माथ्यावरून दिसणारे पाण्याचे निळे-पांढरे मनोरे म्हणजे महादेवगड.

"मेल्या, गड एक आणि हे इतके कशे?" परशाने एकदा विचारले.

"बाकीचे धुक्यात असतत. हयसर धुका नाय, म्हणान दिसतत."

हे वेड संसर्गजन्य होते. मी स्वतः, ज्याने लिहिलेला अर्ज आजवर भाषेच्या चुकीसाठी परत आलेला नाही, एकदा टॅक्सीवाल्याला घाईत 'मठ के पास छोडो' असे सांगून बसलो. टॅक्सीवाला मलबारी होता. त्याने थोडा विचार केला आणि मला मशिदीपाशी सोडले. त्याचा हेतू शुद्ध होता.

बापूचे नियम दोन होते. पहिला, "घाटात उतराचा नाय." लहानपणापासून त्याची छाती अधू. पूल चढताना ती भात्यासारखी वाजे, ओठ काळे पडत, मागून गाड्या कर्णे वाजवीत. पण तो सीटवरून उतरत नसे. दुसरा नियम त्याच्या दादाबद्दल होता. दादा सदू दूर वाळवंटातल्या एका छावणीत कामाला आहे, असे आम्हांला माहीत होते. परशा छेडी, "बापू, तुझो दादा कधी नदरेक पडना नाय तो! बायल केल्यान काय थंय?" बापू रंध्यावरून नजर न उचलता म्हणे, "त्याका सुट्टी नाय." ईद असो, गणपती असो, उत्तर तेच.

कॅसेट भरली की कोणीतरी गावी जाणारा ती आईपर्यंत पोचवी आणि येताना आईने भरलेली कॅसेट आणी. ती बापू कानाला लावून एकट्याने ऐके. आम्ही समजत होतो, सुताराचा छंद आहे. कोणी पत्ते खेळतो, कोणी घाट चढतो.

मग तो शुक्रवार आला. परशाला सुट्टी मंजूर झाली होती, कॅसेट त्याच्यासोबत जायची होती, आणि बापू गडाचे वर्णन करण्यासाठी मनोऱ्यांच्या अगदी कुंपणापाशी गेला. ज्या देशाने काही वर्षांपूर्वीच युद्ध पाहिले आहे, तेथे पाण्याच्या मनोऱ्याकडे बोट दाखवून अनोळखी भाषेत यंत्रात बोलणाऱ्या माणसाला पोलीस काय समजतील, हे सांगण्यास सातवी पुरेशी आहे.

मला दुभाषा म्हणून चौकीवर बोलावण्यात आले. अधिकारी अरबीत विचारी; चौकीतला हैदराबादी चहावाला ते हिंदीत करी; मी मालवणीत करी. उत्तर त्याच जिन्याने उलटे चढे. कॅसेट वाजवली गेली. तीत मठ झाला, गवा झाला, आणि चढावर एक आवाज म्हणाला, "बापू, दमलंस?" दुसरा बारीक आवाज म्हणाला, "नाय, दादा."

अधिकाऱ्याने यंत्र थांबवले.

"मियाँ," चहावाला म्हणाला, "साब पूछ रै, ये दूसरा आदमी किधर है? उसकू भी हाजिर करो बोल रै."

मी खडसावले, "बापू, दादाला बोलवून घे. सुट्टी नाही म्हणून येथे चालणार नाही."

"दुसरो नाय," बापू म्हणाला. "दोनव मीच."

कोणी विश्वास ठेवीना. तेव्हा त्याला तेथेच उभे करून घाट चढवण्यात आला. चौकीच्या फरशीवर, सायकलीवाचून, तो दोन आवाजांत बोलू लागला. एक शिपाई हसला, मग दुसरा. मीही हसलो असतो, परंतु मी सरकारी कामावर होतो. "बापू, दमलंस?" "नाय, दादा." एवढ्या मोठ्या कॅसेटीत बाकी सारे दादाच्या आवाजात, स्वतःसाठी त्याने दोनच शब्द ठेवले होते, हे मला तेव्हा प्रथम जाणवले.

"मग खरा सदू कुठे आहे?" मी विचारले.

त्याने फरशीकडे पाहत सांगितले. युद्ध सुरू झाले तेव्हा दोघे भाऊ इतरांबरोबर इराकमार्गे जॉर्डनच्या सीमेकडे निघाले. तंबूंच्या छावणीत सदूला ताप भरला आणि तेथेच तो गेला. वाळूत पुरावा लागला. "दोघव सुतार आमी," बापू म्हणाला, "आणि दादाक जाळूक लाकूड-फाटी गावली नाय. घराकडे पोचलंय तर आवस दारात उभी. म्हणता, सदू खय? माझ्या तोंडातसून गेला, त्याका सुट्टी नाय."

कॅसेटी मुळात सदूच्याच. आईने त्याला सांगितले होते, तुझ्या कुवेतातले मला काही कळत नाही, माझ्या ओळखीची वाट सांग. म्हणून त्याने उड्डाणपुलाचा घाट केला. धाकट्याने परत आल्यावर फक्त वाट पुढे चालू ठेवली. आणि स्वतः मात्र तेव्हापासून गावी गेला नव्हता. आईने दारात तोच प्रश्न पुन्हा विचारला असता.

मी हे शब्दशः हिंदीत केले. चहावाल्याने किटली खाली ठेवली. मग हळू आवाजात ते अरबीत केले. त्या युद्धाच्या वर्षाचे नाव निघाले की या देशातही कोणाचे ना कोणाचे माणूस न परतलेले निघते. अधिकाऱ्याने टेपरेकॉर्डरला लागलेली वाळू बाहीने पुसली आणि यंत्र बापूच्या हाती देऊन त्याला सोडले. कॅसेट वरच्या कचेरीत पाठवणे भाग होते, ती गेली.

चौकीतले सारे माझ्याकडून ऐकून परशा रिकाम्या हाताने गावी गेला. तेवढे दिवस बापूने शुक्रवारी सायकल बाहेर काढली नाही. खाटेवर बसून तो म्हणे, "आवस इचारतली. परशाच्या तोंडार ती वाचतली."

परशा परत आला तो बापूच्या आईने दिलेले सोलांचे, म्हणजे आमसुलांचे, पुडके घेऊन. ते त्याने बापूच्या मांडीवर ठेवले आणि, चेष्टेशिवाय ज्याला बोलता येत नसे तो परशा, उभ्यानेच बोलू लागला.

"मी तिका काय्येक सांगूक नाय. देवाशप्पत. तीच म्हणाली, पयल्याच क्यासेटीत कळला माका. सदू घाट चढताना शीळ घाली होतो, तो कधी धापलो नाय. आणि ह्या क्यासेटीत सदू धापता, नि बापू म्हणता मी दमाक नाय. आवाज कोणव काढीत, म्हणाली, दम कसो काढतलो दुसऱ्याचो? छाती माझ्या बापूची."

बापूने पुडके सोडायला घेतले. गाठ त्याला सुटेना.

"मी म्हटलंय, आये, मगे इतकी वर्सां तू सदूच्या नावान उत्तर कित्याक धाडलंस? तर म्हणता, बापू माका सदू देय होतो, तो कसो परत करू? कोणाच्या तरी तोंडात त्याचा नाव ऱ्हवता." परशा खिडकीकडे वळला. "आणि तुका निरोप आसा. बापूक सांग म्हणाली, वळणार उतर आणि ढकल. घाटात उतारला तर कोण मरना नाय."

पुढच्या शुक्रवारी मी स्वतः पुलाच्या पायथ्याशी उपस्थित होतो. बापू आला. मठापाशी हात जोडले की नाही, ते मला दिसले नाही. चढ सुरू झाला, छाती वाजू लागली, आणि विजेच्या खांबापाशी तो उतरला. मागच्या गाडीने कर्णा वाजवला. त्याने घंटी वाजवून वर्दी दिली, बटण दाबले आणि म्हणाला, "आये, मी बापू."

सायकल ढकलत तो माथ्यापर्यंत गेला. फितीवर एवढेच भरले आहे : तीन शब्द, गाड्या, आणि त्याचा दम. तीच कॅसेट त्याने टपालाने गावी पाठवली.

अद्याप उत्तर आलेले नाही. टपालपेटी माझ्या खुर्चीसमोर आहे, म्हणून बापू काम सुटल्यावर माझ्यापाशी येऊन बसतो. काल त्याने मला विचारले, "सावंतानू, मी उतारलंय म्हणान दादा आता खरोच गेलो काय हो?" मी कोरा कागद पुढे ओढला आणि हा अर्ज लिहावयास घेतला.

सबब अर्जदाराची वाचकांस विनंती की, आपणांपैकी कोणी त्या घाटाने जाणार असल्यास दाणोलीचा मठ ओलांडून मेस्त्र्यांचे घर विचारावे. ओट्यावर एक वृद्ध बाई असेल. कॅसेट मिळाली किंवा कसे, एवढे विचारावे. मिळाली नसल्यास, आपला मुलगा आता घाटात उतरतो, असे तिला तोंडी कळवावे. आणि तिने उत्तर भरावयाचे ठरवल्यास ते या वेळी सदूच्या नावे नसावे. बापूच्या नावे असावे. एक शब्द असला तरी चालेल.

उत्तर मिळेपर्यंत अर्जदार व उपरोक्त बापू याच खुर्चीपाशी हजर आहेत. कळावे.