गद्र्यांची दुसरी घंटा

गद्रे आमची बेल नेहमी दोनदा वाजवतात. एकदा वाजवली की कॉरिडॉरमध्ये दोन मिनिटं गप्प उभे राहतात, आणि मग पुन्हा. मधल्या वेळात मी दार उघडलंच, तर वर मलाच सुनावतात, "एवढी घाई कशाला करता? दुसरी वाजवणारच होतो ना मी." माझी मुलगी इथे परदेशात, सेंगकांगच्या शाळेत वाढलेली, बोलणंही इथलंच. ती आतून ओरडते, "बाबा, गद्रे अंकल लाह. वेट फॉर द सेकंड वन."

या सगळ्याला एक फ्रेंच खेडं जबाबदार आहे. गद्रे मूळचे सांगलीचे. इथे आयटीत मॅनेजर, आमच्याच ब्लॉकमध्ये वरच्या मजल्यावर एकटे राहतात. २०१४ च्या सुमाराला कंपनीने त्यांना एका चीजच्या डेअरीत सॉफ्टवेअर बसवायला तीन महिने त्या खेड्यात धाडलं. सॉफ्टवेअर बसलं की नाही कोण जाणे, गद्रे मात्र तिथे बसले ते मनाने अजून उठलेले नाहीत. तेव्हापासून ते 'आमच्या गावाला' म्हणाले की सांगली समजायची नाही.

या गावात माणसं थोडी, गाई जास्त, एक जुनं चर्च, आणि ओढ्याकाठी कौलारू छपराखाली धुणं धुवायचा दगडी घाट. तिथे आता कोणी धुणं धूत नाही, पण थंडी सरली की सगळं गाव जमून तो घासून काढतं. सरपंचबाई सकाळी गाईंच्या धारा काढतात आणि दुपारी दाखले देतात. खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत गद्र्यांसमोर बसून मी हे इतक्या वेळा ऐकलंय, की डोशावरसुद्धा मला त्या घाटावरचं शेवाळ दिसतं.

त्यांचा खास विषय मात्र चर्चचं घड्याळ. ते तासाचे टोल देतं आणि दोन मिनिटांनी तेच टोल पुन्हा देतं. "शेतात वाकलेल्या माणसाचे पहिले मोजायचे राहतात हो. दुसरे त्याच्यासाठी. याला म्हणतात वारसा."

एका वर्षी सरपंचबाईंची ईमेल आली. सुट्टीपुरती घरं घेतलेल्या शहरी लोकांची तक्रार होती की एकदा वाजलं तेवढं पुरे. दुसरे टोल ठेवायचे की नाही, यावर गावात मतदान होणार होतं. गद्रे पेटले. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत, आरतीनंतरच्या रांगेत त्यांनी सह्या गोळा केल्या. ज्या गावाचं नाव कुणाला धड उच्चारता येईना, त्याच्या घंटेसाठी लोकांनी तीर्थाच्या ओल्या हातांनी सह्या ठोकल्या. मीही केली, प्रसाद लवकर मिळावा म्हणून.

मतदानाच्या रविवारी संध्याकाळी मी वर गेलो. निकाल अजून यायचा होता, तरी गद्रे पडलेल्या चेहऱ्याने बसले होते. मी समजूत घातली, "जाऊ द्या हो. टोल एकदा वाजले की पुरतात माणसाला."

"सगळ्यांना नाही पुरत," ते म्हणाले आणि त्यांनी सांगलीला आईच्या घरी फोन लावला. तो वाजवाज वाजला, कोणी उचलला नाही. त्यांनी शांतपणे बंद केला आणि घड्याळाकडे बघत राहिले.

"घरी नाहीत का?"

"आहे. उठत असेल. मागे एकदा माझा फोन म्हणून धावली आणि पडली. खुबा मोडला. मोबाइल तिला नकोच आहे. मग मी सांगून ठेवलं, पहिली रिंग उठायला, दुसरी बोलायला. धावायचं नाही. मी पुन्हा करणारच आहे."

दोन मिनिटांनी त्यांनी पुन्हा लावला. लगेच पलीकडून आवाज आला, "हं, बसले बाई खुर्चीत. बोल आता."

गद्रे जेवणाचं विचारू लागले. त्या संध्याकाळी मला हा माणूस फार आवडला.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली तेव्हा मी दाराशीच होतो. कडीवरचा हात मागे घेतला आणि तसाच उभा राहिलो. दुसरी वाजल्यावर उघडलं.

"राहिले दोन्ही टोल," गद्रे म्हणाले. "आईला सांगितलं. म्हणाली, शहाणं दिसतंय रे तुझं गाव."